वायर सगळ्यात शेवटी: सायकलचे ब्रेक घरच्या घरी नीट करताना

ब्रेक ढिला लागायला लागला की बहुतेकांचा हात आधी वायरकडे जातो. लिव्हरपाशी किंवा ब्रेकपाशी एक छोटा गोल अ‍ॅडजस्टर असतो. तो दोन-चार आटे फिरवायचा, लिव्हर पुन्हा कडक लागली की निघायचं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग एक दिवस अ‍ॅडजस्टर पुरता बाहेर आलेला असतो, फिरवायला आटे उरलेले नसतात. खाली वाकून पाहावं तर रबर संपलेलं, आतली धातूची पट्टी रिमला घासतेय आणि रिमवर गोल चरे पडलेत. जिथे रबर बदलून भागलं असतं तिथे आता रिम बदलायची वेळ आलेली असते.

वायर आवळल्यानं ब्रेक दुरुस्त होत नाही, झीज नजरेआड जाते. म्हणून मला एक क्रम पटवून द्यायचा आहे: आधी चाक, मग रिम, मग रबर, मग वायर, आणि अ‍ॅडजस्टरला हात सगळ्यात शेवटी. एवढं पाळलं तर ब्रेकचं बरंचसं काम घरी, चार हत्यारांत, निवांत करता येतं.

बोटांपासून रिमपर्यंत

तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा काय होतं, ते एकदा डोळ्यांपुढे आणा. लिव्हर ही साधी तरफ आहे. टोकाशी तुमची बोटं बरंच अंतर सरकतात, आत वायर मात्र थोडीच ओढली जाते, पण तितक्याच पट जास्त जोरानं. म्हणून लिव्हर खिळीजवळ (जिच्यावर ती फिरते) धरण्याऐवजी टोकाकडून धरली तर कमी ताकदीत ब्रेक चांगला लागतो.

पुढे येते वायर. आत पोलादी तारांचा पीळ आणि बाहेर कव्हर. सगळं काम आतली वायर करते आणि कव्हर फक्त तिचं पावसा-धुळीपासून रक्षण करतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. आतली वायर जितक्या जोरानं ओढली जाते, तितक्याच जोरानं बाहेरचं कव्हर दाबलं जातं. एक ओढणार आणि दुसरं रेटा धरणार, तेव्हाच वाकड्या वाटेनंही जोर पलीकडे पोहोचतो. या रचनेला बाउडन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. कव्हर कुठे चेपलेलं असेल किंवा त्याचं टोक वेडंवाकडं कापलेलं असेल, तर तुमच्या बोटांचा जोर ते कव्हर दाबण्यातच खर्ची पडतो. लिव्हर मऊ लागते, ओला स्पंज दाबल्यासारखी. अशा वेळी वायर कितीही आवळा, मऊपणा जात नाही, कारण दोष आतल्या वायरीत नसतोच.

इथेच एक गोष्ट ठासून सांगतो. गिअरचं कव्हर ब्रेकला कधीही वापरू नका. दिसायला दोन्ही सारखीच काळी नळी, पण आतून वेगळी. ब्रेकच्या कव्हरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली असते, ती दाब सोसते. गिअरच्या कव्हरमध्ये तारा लांबीच्या दिशेनं एकमेकींशेजारी ठेवलेल्या असतात, आणि त्यांना एकत्र धरायला जवळपास फक्त वरचं प्लॅस्टिक असतं. जोरात ब्रेक दाबल्यावर त्या तारा प्लॅस्टिक फोडून बाहेर येऊ शकतात. जोरात ब्रेक दाबण्याची गरज कधी पडते, ते वेगळं सांगायला नको. ब्रेकचं कव्हर साधारण ५ मिलिमीटर जाडीचं असतं आणि आतली वायर दीड मिलिमीटरच्या आसपास.

वायर ब्रेकचे दांडे ओढते, दांडे रबर रिमवर दाबतात, आणि घर्षणानं तुमचा सगळा वेग उष्णतेत बदलतो. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला की रिम हाताला चटका बसेल इतकी तापते. म्हणून उतारावर ब्रेक दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा.

हत्यारांत ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की, १० नंबरचा पाना, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड. सोबत सँडपेपर, स्वच्छ सुती कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पातळ पुठ्ठ्याचा तुकडा. वायर बदलायची असेल तर चांगला केबल कटर हवा. पकडीनं तोडलेली वायर टोकाला चपटी होऊन तिचे धागे सुटतात आणि मग ती कुठल्याच भोकातून जात नाही.

आधी चाक

ब्रेक एका बाजूनं घासतोय अशी तक्रार असेल तर ब्रेकला हात लावू नका. सायकल जमिनीवर सरळ उभी करा, चाकाचे नट किंवा क्विक रिलीज (दांडी उलटवून चाक सोडणारी पकड) सैल करा, चाक आपल्या वजनानं खाचेत नीट बसू द्या आणि पुन्हा आवळा. चाक काढून घाईत बसवलं की ते तिरकं बसतं, मग रिम एका रबराच्या जवळ जाते आणि आपण निष्पाप ब्रेकला दोष देत बसतो. एवढ्यानंच प्रश्न सुटलेला मी इतक्यांदा पाहिलाय की आता पहिली कृती तीच करतो.

मग चाक उचलून हळू फिरवा आणि रिम व रबर यांच्यामधल्या फटीकडे टक लावून पाहा. एका पूर्ण फेऱ्यात फट कमी-जास्त होत असेल, घासण्याचा आवाज खस्स... खस्स... असा थांबून थांबून येत असेल, तर चाकाला आउट आहे, म्हणजे रिम वाकडी झाली आहे. फट फेराभर तेवढीच राहत असेल आणि एकच बाजू सतत घासत असेल, तर ब्रेक मध्यावर नाही. ही दोन दुखणी वेगळी आहेत. आउट असलेल्या चाकावर ब्रेक कितीही नीट बसवा, एक तर तो घासणार, नाहीतर घासू नये म्हणून फट वाढवावी लागणार आणि लिव्हर खोल जाणार. आउट काढणं म्हणजे स्पोकचा ताण कमी-जास्त करणं, आणि तो स्वतंत्र शिकण्याचा विषय आहे. ते येत नसेल तर चाक मेकॅनिककडून सरळ करून आणा आणि मग ब्रेकला बसा.

जाता जाता रिम दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. खुटखुट लागली तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचं, बेअरिंग ढिलं आहे. तेही आधी आवळून घ्यायला हवं.

रिम हा ब्रेकचाच अर्धा भाग

रबर बदलतो, वायर बदलतो, पण ज्या पृष्ठभागावर ते रबर घासतं त्याच्याकडे कुणी पाहत नाही. ओल्या फडक्यानं रिमची बाजू पुसा. कापडावर जे करडं-काळं कीट येतं, ते झिजलेलं रबर, अ‍ॅल्युमिनियमचा भुगा आणि रस्त्यावरची धूळ यांचं मिश्रण असतं. पावसाळी दिवसांत हेच मिश्रण सँडपेपरचं काम करतं आणि रिम व रबर दोघांनाही खातं. साबणाच्या पाण्यानं रिम धुवा, कोरडी करा आणि शेवटी अल्कोहोलनं पुसून घ्या. चेनला तेल सोडताना, विशेषतः स्प्रे मारताना, रिमवर किंवा रबरावर शिंतोडा उडू देऊ नका. ब्रेक कुईकुई करतो म्हणून रबरावर तेल सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. आवाज थांबतो खरा, पण ब्रेकही थांबतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच रिमवर झीज कळावी म्हणून एक बारीक खाच किंवा टिंबासारखा खड्डा असतो. तो दिसेनासा झाला की रिमचं आयुष्य संपलं. खूण नसेल तर सरळ धारेची पट्टी रिमच्या बाजूला आडवी धरा आणि उजेडाकडे पाहा. पट्टी आणि रिम यांच्यामध्ये स्पष्ट खोलगट पोकळी दिसली तर रिम पातळ झाली आहे. ही गोष्ट मी गंभीरपणे घेतो, कारण टायरमधली हवा रिमच्या भिंतींना सतत बाहेर रेटत असते. भिंत पातळ झाली की ती एखाद्या दिवशी फारशी सूचना न देता फाकते, आणि बऱ्याचदा नेमकी ब्रेक दाबलेला असताना.

स्टीलच्या चकचकीत रिम झिजायला चिवट, पण ओल्या झाल्या की त्यांच्यावर रबर फार वाईट धरतं. अशी सायकल पावसात चालवत असाल तर थांबायला लागणारं अंतर मनात बरंच वाढवून धरा.

रबर काढून हातात घ्या

रबर सायकलवरच ठेवून वरवर पाहू नका. बोल्ट सोडा आणि ते काढून उजेडात धरा. काढण्याआधी वॉशर कुठल्या क्रमानं बसले आहेत त्याचा फोटो घ्या. व्ही-ब्रेकच्या (चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा दांडा असलेल्या ब्रेकच्या) रबरावर वाटीसारखे खोलगट आणि त्यात बसणारे फुगीर वॉशर असतात, शिवाय एक जाड आणि एक पातळ. क्रम चुकला तर रबर हवं तसं तिरपं होत नाही.

आता पृष्ठभाग पाहा. चांगलं रबर मळकट-मॅट दिसतं. काचेसारखी चमक आली असेल तर ते गुळगुळीत झालं आहे आणि रिमवरून घसरतं. सँडपेपर सपाट फरशीवर ठेवून त्यावर रबर घासलं, वरचा चमकता थर गेला, की ते पुन्हा धरायला लागतं. मग बारकाईनं पाहा: रबरात कुठे चांदीसारखे कण चमकताहेत का? ते रिमचेच तुटलेले अ‍ॅल्युमिनियमचे कपचे असतात, कधी तांदळाच्या कणीएवढे. ब्रेक दाबल्यावर खर्र असा धातूचा आवाज येत असेल तर बहुधा हेच. एकदा कपचा रुतला की तो रिमवर चरा पाडतो, चऱ्यातून नवा कपचा निघतो, तोही रबरात रुततो. सुईच्या टोकानं एकेक कण उकरून काढायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांनी रिमचं आयुष्य खरोखर वाढतं.

रबरावरच्या आडव्या खाचा जवळजवळ सपाट झाल्या असतील, किंवा बाजूला छापलेल्या झिजेच्या रेषेपर्यंत ते आलं असेल, तर बदला. न झिजलेलं पण जुनं रबरही पारखून घ्या. नख रोवून पाहा. नखाची खूण अजिबात उमटत नसेल, काठाला भेगा असतील, तर ते वाळून कडक झालंय. वर्षानुवर्षं उभी राहिलेली सायकल पुन्हा बाहेर काढताना हे हमखास आढळतं.

नवं रबर बसवताना त्यावर डावं-उजवं किंवा पुढच्या दिशेचा बाण आहे का पाहा. ज्यात फक्त रबराची पट्टी बदलता येते अशा प्रकारात होल्डरचं एक टोक उघडं असतं. ते उघडं टोक मागे, सायकलच्या मागच्या टोकाकडे, यायला हवं. ब्रेक दाबला की फिरणारी रिम रबराला पुढे ओढते. पुढचं टोक बंद असेल तर रबर तिथे अडतं. उघडं असेल तर पट्टी निसटून रस्त्यावर पडू शकते.

एक मिलिमीटरची करामत

रबर रिमवर नेमकं कुठे टेकतं, यावर बरंच काही अवलंबून असतं. वरच्या बाजूला ते टायरला जराही शिवता कामा नये. टायरची बाजू नाजूक असते. रबर तिथे घासत राहिलं तर आतले धागे कापले जातात आणि एक दिवस ट्यूब त्या फटीतून फुग्यासारखी बाहेर येऊन फुटते. खालच्या बाजूला रबर रिमच्या काठाखाली उतरता कामा नये, नाहीतर ते घसरून स्पोकमध्ये जाण्याचा धोका. व्ही-ब्रेक आणि कॅन्टिलिव्हर ब्रेकचे दांडे रिमच्या खाली, चिमट्यावर (चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दांड्यांवर) फिरतात; रबर झिजत जातं तसतसे ते आत झुकतात आणि रबर खाली सरकत जातं. म्हणून नीट बसवलेलं रबरही अधूनमधून तपासावं लागतं.

आता कुईकुईबद्दल. ब्रेक दाबला की रबर रिमला पकडतं, सुटतं, पुन्हा पकडतं, सेकंदाला शेकडो वेळा. या थरथरीचाच आवाज होतो. रबराचं मागचं टोक आधी टेकत असेल तर थरथर जास्त. म्हणून रबर अगदी किंचित तिरपं बसवतात: पुढचं टोक आधी टेकावं आणि त्या क्षणी मागच्या टोकाशी जेमतेम एक मिलिमीटर फट असावी. जोरात दाबल्यावर दांडे थोडे वळतात आणि मग पूर्ण रबर रिमवर बसतं.

एवढी बारीक फट डोळ्यांनी साधत नाही, तिथे पुठ्ठा कामी येतो. रबराचा बोल्ट इतकाच सैल ठेवा की रबर हलवलं तर हलेल, पण आपोआप लोंबणार नाही. रबराच्या मागच्या टोकाखाली, रिमच्या बाजूला, पुठ्ठ्याचा छोटा तुकडा धरा. दुसऱ्या हातानं दांडा दाबून रबर रिमवर टेकवा. काठ रिमच्या गोलाईला समांतर आहे ना, टायरपासून दूर आहे ना, बघा आणि तसाच दाब ठेवून बोल्ट आवळा. बोल्ट आवळताना शेवटच्या पाव फेऱ्यात रबर बोल्टबरोबर फिरून वर जातं. सगळं छान जुळवलेलं शेवटी बिघडतं ते इथेच. त्यामुळे आवळताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी रबर घट्ट धरून ठेवायचं. मदतीला कुणी लिव्हर दाबून धरणारं असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. पहिल्या वेळी तीन-चारदा करावं लागलं तर हिरमुसू नका, हातालाच ते बसतं.

साध्या जुन्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाच्या वर एकाच बोल्टवर बसवलेल्या ब्रेकमध्ये, वाटीचे वॉशर नसतात. तिथे दांडा पान्यानं पिळून वाकवण्याऐवजी मी रबराचं मागचं टोक सँडपेपरवर किंचित जास्त घासून घेतो. परिणाम तोच आणि दांडा तुटण्याची भीती नाही.

रॉड ब्रेक असलेल्या सायकलीत रबर रिमच्या बाजूवर न टेकता आतल्या बाजूनं वर खेचलं जातं. तिथेही तपासायचं तेच: रबर झिजलंय का, दोन्ही बाजू एकदम टेकतात का, आणि सळ्यांच्या सांध्यांत खुटखुट आहे का.

आता वायर

लिव्हर पूर्ण दाबून तिच्या पोटात डोकवा. वायरचं टोक जिथे अडकलेलं असतं तिथे तिच्यावर प्रत्येक दाबाला वाकण्याचा ताण येतो. तिथे एखादा तुटलेला धागा केसासारखा उभा दिसला, किंवा बोट फिरवताना टोचला, तर वायर त्याच दिवशी बदला. तुटलेल्या धाग्याचा भार उरलेल्यांवर जातो आणि ते झपाट्यानं तुटत जातात. दुसरी तपासायची जागा म्हणजे ब्रेकवरचा पकड-बोल्ट, जिथे वायर चेपलेली असते.

लिव्हर सोडल्यावर ती चटकन परत येत नसेल तर वायर ब्रेकपासून मोकळी करा आणि हातानं मागे-पुढे ओढून पाहा. सरसर सरकली तर अडचण ब्रेकच्या दांड्यांच्या खिळीत आहे. ती साफ करून तेलाचा एखादा थेंब सोडा आणि जादा तेल लगेच टिपून घ्या. वायरच अडखळत असेल तर कव्हरमध्ये गंज किंवा माती आहे. थोडं वंगण काही दिवस काम भागवतं, पण गंजलेली वायर आणि कव्हर दोन्ही मिळून बदलणं हाच खरा उपाय.

कव्हर कापताना जुन्याच्या मापानं कापा, कापलेलं टोक कानशीनं सपाट करा आणि आतली बंद झालेली नळी सुईनं उघडा. टोकाला टोपी बसवायला विसरू नका. बसवून झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. वळवताना ब्रेक आपोआप ओढला जात असेल तर कव्हर आखूड पडलंय.

वायर आवळण्याआधी अ‍ॅडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवून घ्या, एक-दोन आटेच बाहेर ठेवा. पुढच्या महिन्यांतली झीज भरून काढायला हे आटे राखून ठेवायचे असतात. मग दोन्ही रबरं रिमपासून साधारण दीड मिलिमीटरवर धरा, वायर पकडीनं ओढा आणि बोल्ट आवळा. बहुतेक ब्रेकवर हा बोल्ट ६ ते ८ न्यूटन-मीटरचा असतो. म्हणजे लहान अ‍ॅलन की हातानं घट्ट आवळली की झालं, तिला पाइप लावून जोर काढायचा नाही. नंतर सायकल उभी असताना लिव्हर दहा-बारा वेळा पूर्ण ताकदीनं दाबा. वायर निसटणार असेल तर ती अंगणात निसटू दे, उतारावर नको. उरलेल्या टोकाला धातूची टोपी चेपून बसवा.

आता मध्य साधायचा. व्ही-ब्रेकच्या दोन्ही दांड्यांच्या बुडाशी एकेक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की त्या बाजूची स्प्रिंग कडक होते आणि त्या बाजूचं रबर रिमपासून दूर जातं. पाव-पाव फेरा फिरवा, लिव्हर दाबा, बघा. एका बाजूचा आत घेणं आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच बाहेर घेणं, असं दोन्हीकडे वाटून केलं तर स्प्रिंगचा ताण उगाच वाढत नाही. कॅलिपरमध्ये मागचा नट सैल करून अख्खा ब्रेक हातानं मध्यावर आणायचा आणि आवळायचा. काहींना वरच्या बाजूला त्यासाठी वेगळा स्क्रू असतो.

लिव्हर किती कडक ठेवायची हा आवडीचा भाग आहे. पूर्ण ताकदीनं दाबूनही ती हँडलला टेकता कामा नये, एवढा नियम मात्र सगळ्यांना लागू. मला निम्म्या वाटेआधी ब्रेक धरलेला आवडतो. लहान मुलांचं वेगळं. माझी पुतणी आठ वर्षांची असताना ब्रेक लागत नाही म्हणून सारखी सांगायची. मी दोनदा वायर आवळून दिली. तिसऱ्यांदा तिला सायकलवर बसवून समोर उभा राहिलो तेव्हा दिसलं: तिची बोटं लिव्हरच्या टोकाला जेमतेम शिवत होती, दाबायला पेरं पोहोचतच नव्हती. ब्रेक ठणठणीत होता. बऱ्याच लिव्हरवर हँडलजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. तेवढं केलं, वायर त्या मापानं पुन्हा जुळवली आणि तक्रार संपली. मुलांच्या सायकलीवर हा स्क्रू सगळ्यात आधी बघा.

डिस्क ब्रेक असेल तर

इथे रिमऐवजी हबला लावलेली पोलादी चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पॅड. चकतीला बोटं लावू नका. बोटांचा तेलकटपणासुद्धा पुरतो आणि उतारावरून आल्यावर ती भाजते. साफ करायची ती अल्कोहोल आणि स्वच्छ कापडानं. पॅडनं तेल शोषलं असेल तर ते घासून-तापवून वाचवायच्या भानगडीत मी पडत नाही, बदलून टाकतो.

सतत घासत असेल तर कॅलिपरचे (इथे पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट अर्धा फेरा सैल करा, लिव्हर दाबून धरा म्हणजे कॅलिपर स्वतःहून चकतीवर मध्यावर येतो, आणि दाब न सोडता दोन्ही बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. पलीकडे पांढरा कागद धरून कॅलिपरमधून पाहिलं तर दोन्ही फटी स्पष्ट दिसतात. वायरवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये बऱ्याचदा एकच पॅड हलतं, आतलं स्थिर असतं. झिजेनुसार ते स्थिर पॅड त्याच्या स्क्रूनं चकतीच्या जवळ आणायचं. इथेही नुसती वायर आवळत गेलात तर एकच पॅड चकतीला वाकवून पलीकडे ढकलत राहतं.

पॅडवरचा घर्षणाचा थर अर्धा मिलिमीटर उरला की सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या सूचनेप्रमाणे बदलायची वेळ झाली. त्यांची चकती नवी असताना साधारण १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ वर आली की काढायची. काही चकत्यांवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं, तिथे धातूचे पॅड घालू नका. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या जागी मध्यम वेगावरून वीसेक वेळा हळूहळू वेग कमी करा, चाक जाम न करता. पॅडचा पातळ थर चकतीवर बसला की ब्रेकला खरा जोर येतो.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये (वायरीऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन पुढे सरकतात आणि चाक पुन्हा आत जात नाही. मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. लिव्हर मऊ लागून हँडलपर्यंत जात असेल तर नळीत हवा शिरली आहे. ती काढायला योग्य किट आणि सराव लागतो, आणि द्रव कुठला ते लिव्हरच्या झाकणावर किंवा माहितीपत्रकात पाहूनच ठरवायचं. मिनरल ऑइल आणि डॉट द्रव एकमेकांच्या जागी चालत नाहीत, रबरी सील खराब होतात. पहिल्यांदा हे काम जाणकाराशेजारी बसून करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्त्यावर जाण्याआधी

सायकलशेजारी उभे राहून फक्त पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग फक्त मागचा दाबून ढकला, मागचं चाक न फिरता फरफटलं पाहिजे. वेग कमी होताना वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. पुढचा ब्रेक दाबायचाच नाही अशी शिकवण बऱ्याच जणांना लहानपणी मिळालेली असते. ती भीती सोडून, मोकळ्या मैदानात कमी वेगात, हात ताठ आणि वजन थोडं मागे ठेवून, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा सराव करा. निसरड्यावर आणि वळणात मात्र तो बेतानंच.

नवी वायर घातली असेल तर आठवड्याभरात लिव्हर पुन्हा थोडी आत जाईल. वायर ताणली गेली असं आपण म्हणतो, पण बहुतांशी कव्हरची टोकं आपापल्या टोप्यांत घट्ट बसलेली असतात. एकदा चाक, रिम आणि रबर बघून घ्या. ते जागच्या जागी असतील, तर आता खुशाल अ‍ॅडजस्टर एक-दोन आटे बाहेर फिरवा आणि लॉकनट आवळून टाका.